दोन वाट्यांचा ल

दातारकाका पाटी वाचत नाहीत, तपासतात. बडा बाजारच्या भर गर्दीत, मागून सायकलवाले घंट्या वाजवत असताना, हा सहा फुटी वाळका माणूस मिठाईच्या दुकानासमोर उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि पाटीवरच्या 'लड्डू'मधल्या ल कडे असा बघतो की दुकानदाराला वाटावं, लाडवात काही निघालं की काय.

"क्या हुआ दातारजी?"

"कुछ नहीं. आपका ल देख रहे हैं."

"पढ़ने में नहीं आ रहा?"

"पढ़ने में तो आ रहा है," काका म्हणतात, "देखने में नहीं आ रहा."

दुकानदार हसून ग्राहकांकडे वळतो. झाशीत ल दांडीचाच असतो. उजवीकडे उभी दांडी आणि तिला डावीकडून येऊन चिकटलेला आकडा. हिंदीत तसाच काढतात. काकांचा ल मराठी. मधे देठ, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन वाट्या. दातारांचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातून इकडे आलं. पूजाअर्चा केली, मग कारकुनी केली, मग सरकारी नोकऱ्या केल्या. भाषेत हिंदी आली, जेवणात कढीतले वडे, म्हणजे कढी-बरा, आला, मुलं एकमेकांना भैया म्हणू लागली. दातारांच्या घरात कपाटाला अजून फडताळ म्हणतात आणि ल ला दोन वाट्या असतात, इतकंच काय ते शिल्लक राहिलं.

काका कालवे खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत. सगळा जन्म नकाशांवर अक्षरं लिहिण्यात गेला. त्यामुळे अक्षराचा प्रश्न आला की ते निवृत्त नसतात. लग्नपत्रिका हातात पडली की मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, हे विचारायच्या आधी "छापली कुणी?" असं विचारतात. माझ्या धाकट्याच्या मुंजीची पत्रिका त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती: "नीट बघ. नुसतं वाचू नकोस."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मी प्रेम नगरात त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते आणि मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं. काकांचा कॉम्प्युटर काही कुरकुरला की गॅलरीतून हाक यायची, "मंजूबेटा, सवड आहे का?" सवड नाही म्हणायची सोय नव्हती. मी नाही म्हटलं की ते "बरं बरं, सवडीने ये" म्हणत आणि गॅलरीतच उभे राहत.

त्यांचा कॉम्प्युटर जुना, आणि त्यावरचा ब्राउझर तर सगळ्या झाशीत एकट्या त्यांच्याकडेच असेल. निळ्या होडीचं चिन्ह होतं त्याला. मी दहादा सांगितलं, "काका, सगळं जग वापरतं तो वापरा ना." ते म्हणाले, "सगळ्या जगात माझा ल येत नाही. ह्याच्यात येतो." ते खरंही होतं. काकांनी कॉम्प्युटरला आपली भाषा मराठी म्हणून सांगून ठेवली होती, आणि ती गोष्ट मनावर घेणारी ही एकटी होडीच. तिच्यात कुठलंही देवनागरी पान उघडा, दोन वाट्यांचा ल हजर.

मग एका सोमवारी मी शाळेतून घरी येते तो काका गॅलरीत नव्हते, माझ्या फाटकाशी होते.

"इंजिन बदललं," ते म्हणाले.

शेजारी भाजी निवडत बसलेल्या शुक्लांच्या बायकोने, शुक्लाइनने, मान वर केली. "कौन-सी गाड़ी का?"

झाशीत इंजिन म्हणजे स्टेशन. पण काका ब्राउझरबद्दल बोलत होते. ब्राउझरच्या पोटात एक यंत्रणा असते. बाहेरून येणारा मजकूर घ्यायचा आणि पडद्यावर अक्षरं, रंग, चित्रं जागच्या जागी मांडायची, हे तिचं काम. तिला इंजिन म्हणतात. होडीवाल्यांना स्वतःचं इंजिन सांभाळणं परवडेना, म्हणून त्यांनी बाकी सगळे वापरतात तेच बसवून टाकलं. वरून होडी तीच, निळा रंग तोच. आत माणूस दुसरा.

मी जाऊन पाहिलं. सगळे ल दांडीचे झाले होते.

"वाचता येतंय ना काका," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बडा बाजारच्या पाटीकडे बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑटो केली आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन सदर बाजारात दुरुस्तीवाल्या खरेजींकडे गेले. खरेजी आडनावाने मराठी वाटले तरी इकडचेच, भला माणूस. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं, "दातारजी, ल तो ल है. इसमें खराब क्या हुआ है, हमें बताओ, हम ठीक कर दें."

"ये ल हमारा नहीं है."

"तो किसका है?"

"आपका."

खरेजींनी शोधून होडीची जुनी आवृत्ती बसवून दिली. काका आनंदात घरी आले. सकाळी कॉम्प्युटर लावला तर होडीने आपणहून स्वतःला नवं करून घेतलं होतं. खरेजींनी पुन्हा बसवली, ती पुन्हा नवी झाली. तिसऱ्यांदा खरेजींनी हात जोडले.

तेव्हा मग काकांना कळलं की होडीवाल्यांनी आपल्या वापरणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक फलक ठेवला आहे आणि जगभरचे लोक तिथे येऊन रडतायत. मला बोलावून घेऊन ते रोज एकेकाचं रडगाणं वाचून दाखवू लागले. एकाच्या खुणेच्या पानांची, बुकमार्कांची, यादी डावीकडची उजवीकडे गेली होती. एकाला अक्षरं बारीक झाल्यासारखी वाटत होती. एकजण लिहीत होता की इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर मी आज हा ब्राउझर कायमचा सोडतो आहे. तो तीन दिवसांनी पुन्हा आला आणि पुन्हा कायमचा सोडून गेला.

"ह्याचं दुःख खरं आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "जायला जागा नाही बिचाऱ्याला."

काकांनीही लिहिलं. सरकारी इंग्रजीत, कालवे खात्यात चीफ इंजिनिअरला लिहीत तसं. विषय, संदर्भ, 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट', आणि मग तीन परिच्छेदांत ल ची तक्रार. सोबत पडद्याचा फोटो जोडला. फोटोत निम्मा अंगठा होता.

उत्तरं आली. एकाने विचारलं, दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात, फरक कुठे आहे? दुसऱ्याने विचारलं, वाचता येतंय ना, मग झालं. तिसऱ्याने लिहिलं, आजोबा, आमच्या याद्या उडाल्यात आणि तुम्ही एका अक्षराचं काय घेऊन बसलात. खाली पुष्कळ लोक हसले होते.

मला वाटलं, आता तरी काका सोडतील. ते सोडेनात. रोज एक अर्ज जाऊ लागला. "दिनांक अमुकच्या आमच्या पत्रास अनुसरून." माझा धाकटा त्यांना ल-काका म्हणू लागला आणि मी त्याला रागवता रागवता हसले, हे कबूल करते. म्हातारपणी माणूस काहीतरी धरून बसतो, असं मी नवऱ्याला म्हटलं.

आता विमलकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू काकांच्या पत्नी. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तो थोडा परत आला. बोलणं गेलं, ते थोडं परत आलं. पण परत आलं ते फक्त मराठी. काकू माहेरच्या सातारच्या. पन्नास वर्षं झाशीत काढली, बाजारात बुंदेली बायकांशी त्यांच्याच बोलीत भांडल्या, आणि त्या एका दुपारी हिंदी सगळी पुसली गेली. डॉक्टर विचारत, "अम्मा, कैसी हो?" काकू त्यांच्याकडे परक्या देशात उतरलेल्या माणसासारख्या बघत. कामवाली रामकली त्यांना जीव लावायची, पण दोघींचं सगळं हातवाऱ्यांवर. मुलगा हैदराबादेत. तो फोन करायचा, पण त्याची मराठी "आई, बरी आहेस ना?" याच्या पुढे जात नसे.

हे सगळं मला माहीत होतं. मी सणासुदीला डबा घेऊन जायचे, काकूंचा हात धरून दोन मिनिटं बसायचे, आणि काय बोलावं हे न सुचून उठायचे. आम्हीही मराठीच, पण घरी सगळे हिंदी बोलतो; काकांशी बोलतानाही माझी निम्मी वाक्यं हिंदीत जातात. मराठी बोलायची म्हणजे मला आधी मनात जुळवावी लागते.

तर काकांचे अर्ज सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. शाळेला सुट्टी होती. आईने पाठवलेली गूळपोळी द्यायला मी अकराच्या सुमाराला त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एकीवर काकू, एकीवर काका. पडद्यावर तळहाताएवढाली अक्षरं होती.

पहिला शब्द 'चहा'. काकूंनी डावं बोट अक्षरावर ठेवलं. "च. हा." काका म्हणाले, "वा." त्यांनी कळ दाबली. 'पाणी'. "पा. णी." पुन्हा कळ. 'विमल'.

काकूंचं बोट चाललं. "वि. म." मग थांबलं. बोट ल वर होतं. काकू त्या अक्षराकडे बघत राहिल्या, मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि मान हलवली. हळू, दोनदा. चुकल्यासारखी नाही. ओळख विचारल्यासारखी.

"राहू दे," काका म्हणाले. "तुझं नाही चुकलं. त्याचंच चुकलंय."

आणि पान बंद केलं.

मी तशीच परत फिरणार होते, पण काकांनी मला पाहिलं. काकूंना पलंगावर नेऊन बसवलं आणि ते बाहेरच्या बैठकीत आले. मी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागले.

झटक्यानंतर काकूंचं वाचणंही गेलं होतं. इस्पितळातल्या बाईंनी अक्षरांची कार्डं दाखवली, ती हिंदी. काकूंना त्यातलं एकही उमगेना. मग काकांनी निवृत्तीनंतर एका कॉम्प्युटर क्लासात शिकलेली विद्या बाहेर काढली आणि घरच्या घरी पानं बनवली. एका पानावर एक शब्द, ब्राउझरमध्ये उघडायचं. आठ महिने रोज सकाळी अकरा वाजता. काकू एकेक अक्षर परत मिळवत गेल्या. सगळ्यात शेवटी ल आला, आणि ज्या दिवशी आला त्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

"चौदा दिवस वाचत होती," काका म्हणाले. "पंधराव्या दिवशी ह्यांनी इंजिन बदललं."

"पुस्तकं आहेत की काका, फडताळात इतकी."

"मुंगीएवढी अक्षरं. तिला दिसत नाहीत. पुण्याहून तक्ता मागवला. त्यात ल आहे, पण विमल नाही."

"मग तुम्ही लिहून द्या ना. तुमच्यासारखं अक्षर..."

काकांनी टेबलाच्या खणातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. पानंच्या पानं एकच अक्षर काढलेलं होतं. सगळ्या रेघा थरथरलेल्या, वाट्या फुटलेल्या. त्यांचा हात कापतो हे मला ठाऊक होतं. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. पण ती वही पाहेपर्यंत मी ह्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

"जन्मभर नकाशांवर नद्यांची नावं लिहिली," ते म्हणाले. "आता ल काढायला गेलो की गांडूळ होतं."

"आणा इकडे, मी देते लिहून," म्हणून मी वहीचं कोरं पान उघडलं आणि ठसठशीत अक्षरात 'विमल' लिहिलं.

काका पानाकडे बघत राहिले. मीही बघितलं. मी काढलेला ल दांडीचा होता. माझं सगळं शिक्षण झाशीत हिंदीत झालं. हात दुसरं काही जाणतच नव्हता. मी खोडून पुन्हा काढायला गेले तर वाट्या कुठून सुरू करायच्या तेच कळेना.

"असू दे बेटा," काका म्हणाले. त्या दिवशी ते "नीट बघ" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "तुम्ही हे फलकावर का नाही लिहिलंत? रोज नुसते नियम सांगत बसलात."

"अर्जात खासगी कारण लिहायचं नसतं."

"हा अर्ज नाही काका. ती माणसं आहेत."

काका खुर्ची ओढून बसले आणि दोन बोटांनी, एकेक कळ शोधत लिहायला लागले. विषय नाही, संदर्भ नाही. दोनच वाक्यं: माझी पत्नी आजारातून उठून पुन्हा वाचायला शिकते आहे. तुमचं इंजिन बदलल्यापासून तिला स्वतःचं नाव वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी गॅलरीतून हाक मारली नाही, धाकट्याच्या हाती निरोप पाठवला. मी गेले. फलकावर उत्तरं होती. 'आजोबा' म्हणून हसणाऱ्याने माफी मागितली होती. कायमचा सोडून जाणारा पुन्हा आला होता आणि त्याने लिहिलं होतं की माझ्या यादीचं राहू द्या, आधी ह्यांचं बघा. आणि सर्बियातल्या एका गावच्या शाळेत शिकवणाऱ्या मिलित्सा नावाच्या बाईंचं लांबलचक उत्तर होतं. त्यांची लिपी आणि रशियन लिपी एकच, पण तिरपी अक्षरं काढायची पद्धत वेगळी. इंजिन बदललं त्या रात्रीपासून त्यांची सगळी तिरपी अक्षरं रशियन झाली होती. त्यांनाही लोकांनी हेच विचारलं होतं, वाचता येतंय ना?

बाईंनी उपाय सांगितला होता. नवं इंजिन कॉम्प्युटरची भाषा विचारत नाही, पानाची विचारतं. प्रत्येक पानाच्या अगदी वरच्या ओळीत, हे पान अमुक भाषेतलं आहे, असं लिहा. मग ते ऐकतं.

मी कॉम्प्युटर शिकवते. हे मला माहीत असायला हवं होतं. काकांनी तसं म्हटलं नाही. "तू लिही," एवढंच म्हणाले. "माझ्या बोटांनी भलतंच होईल."

मी 'विमल'चं पान उघडलं, वरच्या ओळीत मराठीची दोन अक्षरी खूण घातली, साठवलं, आणि पान होडीत पुन्हा उघडलं. मधे देठ, दोन अंगांना दोन वाट्या. जागच्या जागी.

काका उठले, काकूंना हाताला धरून घेऊन आले, खुर्चीवर बसवलं. त्यांनी "वाच" असंही म्हटलं नाही. काकूंनी बोट ठेवलं. "वि. म." बोट पुढे सरकलं. "ल."

मग त्यांनी ते सगळं एकदम म्हटलं, "विमल," आणि कुणीतरी हजेरी घेतल्यासारखं पुढे म्हणाल्या, "हो."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "चहा."

"करतो, करतो," म्हणत काका घाईघाईने स्वयंपाकघरात गेले. मी बाकीच्या पानांवर ती ओळ घालत बसले. शंभरावर पानं होती. साखर, मीठ, खिडकी, मुलाचं नाव, साताऱ्याच्या गल्लीचं नाव. 'दुखतंय' असं एक पान होतं. 'नको' असं एक. काकांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. काकू त्यांना कधी नावाने हाक मारत नसत, म्हणून असेल.

चहा झाला. मी निघाले तेव्हा काका फाटकापर्यंत आले. काहीतरी बोलायचं होतं, ते जुळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "उद्या येशील? काम काही नाही."

"येईन की."

"वाचता येईल तिला आता. पण नुसतं वाचून... माझ्याशी किती बोलेल ती? मी काय विचारणार ते तिला आधीच ठाऊक असतं. दुसरं कुणी मराठीत बोलणारं नाही मोहल्ल्यात. पाच मिनिटं पुरे."

"काका, माझी मराठी..."

"चालेल. तिची तरी कुठे पुरी आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत गेले आणि दारात पोचेपर्यंत सगळी विसरले. काकूंजवळ बसले, त्यांचा हात धरला आणि सुचलं ते विचारलं, "काकू, आज भाजी कसली केलीत?"

काकूंनी जरा विचार केला.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी." मग शब्द शोधत बराच वेळ गेला. मी वाट बघितली. "खारट," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या.

स्वयंपाकघरातून काकांच्या हसण्याचा आवाज आला. मग तो थांबला, आणि भांडं कुठलं घासायचं नसताना कितीतरी वेळ नळ वाहत राहिला.